नळीतून रमतगमत उतरणारा चुंबक: घरी करून, मोजून पाहा

एक मीटर उंचीवरून खडा सोडला तर तो ०.४५ सेकंदात जमिनीवर येतो. तेवढ्याच लांबीच्या तांब्याच्या नळीत नीट बसेल असा नियोडिमियम चुंबक सोडला, तर त्याला आठ-दहा सेकंद सहज लागतात, नळी जाड असेल तर त्याहून जास्त. मधल्या वेळात वरून डोकावलं तर तो कडांना जेमतेम टेकत, लिफ्टसारखा संथपणे खाली चाललेला दिसतो. गंमत म्हणजे तांब्याला चुंबक चिकटत नाही. मग त्याला धरतंय कोण?

हा प्रयोग बहुतेकांनी व्हिडिओत पाहिलेला असतो आणि तिथेच "वा!" म्हणून सोडून दिलेला असतो. मला स्वतःला तो "वा!"च्या नंतर जास्त आवडतो. कारण स्टॉपवॉच, होकायंत्र आणि स्वयंपाकघरातला वजनकाटा एवढ्यावर यातलं जवळजवळ सगळं भौतिकशास्त्र घरी तपासता येतं. दहावीचं विज्ञान आठवत असेल तर पुरे, नसेल आठवत तरी चालेल.

आधी तवा

नळी आणायच्या आधी फक्त चुंबक आणा आणि घरातला डोशाचा नॉनस्टिक तवा घ्या. हे तवे बहुधा ॲल्युमिनियमचे, तीन-चार मिलिमीटर जाड असतात. चुंबक तव्याला चिकटला तर तो इंडक्शनवाला, म्हणजे बुडाला लोखंडी पत्रा असलेला. तो परत ठेवून द्या. न चिकटणारा तवा साधारण ४५ अंशांत तिरका धरा आणि वरच्या कडेपासून चुंबक घसरू द्या. मग तसाच तिरका प्लास्टिकचा ट्रे धरून पुन्हा करा. ट्रेवरून तो सरकन निसटतो, तव्यावरून मात्र मधातून चालल्यासारखा येतो. तवा आणखी उभा केला तरी घाई करत नाही. चुंबकाऐवजी तेवढंच नाणं घसरवून बघा, म्हणजे हे घर्षणाचं काम नाही हे लगेच कळेल.

पहिल्यांदा करणाऱ्याने इथूनच सुरुवात करावी असं माझं मत आहे. खर्च नाही, आणि नळीत जे आपल्याला दिसत नाही ते इथे उघड्यावर दिसतं.

चुंबक कोणता घ्यायचा

नियोडिमियमच घ्या. हा नियोडिमियम, लोह आणि बोरॉन यांचा मिश्र पदार्थ. वर निकेलचा चकचकीत मुलामा असतो. फ्रिजवर लावायचा किंवा जुन्या स्पीकरमधला काळा फेराइट चुंबक इथे फारसा कामाचा नाही. त्याची ताकद नियोडिमियमच्या साधारण एक तृतीयांश असते आणि ब्रेक लागतो तो ताकदीच्या वर्गाच्या प्रमाणात, म्हणजे नऊ पटींचा फरक पडतो. फेराइट वजनाला हलका असतो हे धरलं तरी तो सहापट वेगाने खाली येईल.

मापाचं म्हणाल तर १२ मिलिमीटर व्यासाचा आणि तेवढ्याच लांबीचा दंडगोल उत्तम. त्याचं वजन जवळपास १० ग्रॅम भरतं. पातळ चकत्या मिळाल्या तर दोन-चार एकावर एक लावून तेवढी लांबी करा. एकटी पातळ चकती सैल नळीत आडवी-तिडवी होते, कलंडून अडकते, आणि मग आपण तास घालवतो. दुकानात एन-३५ किंवा एन-५२ असे दर्जे सांगतात. आकडा मोठा तितका चुंबक जोरदार. एन-३५ने सगळं नीट दिसतं, उगाच जास्त पैसे मोजू नका.

आता एक गोष्ट गंभीरपणे. हे चुंबक खेळणं नाहीत. दोन चुंबक झेपावून एकमेकांवर आदळले की मधलं बोट चांगलंच चिमटतं, आणि चुंबक काचेसारखा ठिसूळ असल्याने त्याचे टवके उडतात. लहान मुलाने दोन चुंबक गिळले तर ते आतड्याच्या दोन वेढ्यांमधून एकमेकांना ओढतात, मधली भिंत दाबली जाते आणि छिद्र पडू शकतं. शस्त्रक्रियेची वेळ येते. घरात रांगतं मूल असेल तर प्रयोग झाल्यावर चुंबक मोजून, डबीत घालून, वर ठेवा. कुणाला पेसमेकर असेल तर त्यांच्या जवळ आणू नका. आणि ८० अंश सेल्सियसच्या वर तापवू नका, साधा नियोडिमियम तिथून पुढे कायमची ताकद गमावू लागतो.

नळी: धातूपेक्षा फट महत्त्वाची

एसीचं काम करणाऱ्यांकडे तांब्याच्या पाईपचे उरलेले तुकडे असतात. ते लोक मापं सुतात सांगतात. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. तुम्हाला पाच सूत पाईप लागेल: बाहेरून जवळजवळ १६ मिलिमीटर, आतून १४च्या आसपास. त्यात १२चा चुंबक व्यवस्थित बसतो. अडचण एवढीच की हा पाईप गुंडाळीत येतो आणि कितीही सरळ केला तरी कुठेतरी बाक राहतो. इस्पितळांच्या ऑक्सिजन लाइनला वापरतात तो १५ मिलिमीटरचा ताठ पाईप मिळाला तर सोन्याहून पिवळं. तांबं महाग पडत असेल तर खिडक्यांचे सेक्शन विकणाऱ्याकडून ॲल्युमिनियमची गोल नळी घ्या.

इथे बहुतेकांची चूक होते. ते धातूची चिकित्सा करतात आणि चुंबक व नळी यांच्यामधल्या फटीकडे दुर्लक्ष करतात. नळीत चुंबकाचा वेग किती राहील याचा ठोकळ हिशेब असा आहे: वेग चुंबकाच्या वजनाच्या आणि धातूच्या रोधकतेच्या (म्हणजे तो धातू विजेला किती अडवतो त्याच्या) सम प्रमाणात, नळीच्या भिंतीच्या जाडीच्या आणि चुंबकाच्या ताकदीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात, आणि नळीच्या त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या सम प्रमाणात. चौथा घात! एक मिलिमीटर जाडीची १५ची नळी सोडून २२ची घेतली, तर सरासरी त्रिज्या ७वरून १०.५ होते, म्हणजे दीडपट. दीडचा चौथा घात पाचाच्या किंचित वर. तोच चुंबक पाचपट वेगाने खाली. हा हिशेब चुंबक अगदी छोटा मानून केलेला आहे, त्यामुळे भिंतीला चिकटून चालणाऱ्या चुंबकाला तो तंतोतंत लागू पडत नाही. पण दुकानात उभं राहून नळी निवडायला तो पुरेसा आहे.

धातूचं त्यामानाने सोपं. तांब्याची रोधकता १ धरली तर नळीसाठी वापरतात त्या ॲल्युमिनियम मिश्रधातूची साधारण २, पितळेची ४च्या आसपास, स्टेनलेस स्टीलची ४० पट. म्हणजे दोन मिलिमीटर जाड ॲल्युमिनियम हे एक मिलिमीटर तांब्याच्या जवळपास येतं. स्टेनलेसमध्ये मात्र फारसं काहीच दिसणार नाही. पडद्याचा रॉड घेऊन बसणाऱ्यांनी हे आधी तपासावं.

नळी तयार करणं

एक मीटर नळी घ्या, किंवा निदान अर्धा मीटर. पाईप कटरने कापलेल्या तोंडाशी आतल्या बाजूला धातूची बारीक कड वळलेली असते. नुसत्या डोळ्याला ती कळत नाही, बोट फिरवलं की लागते. गोल कानशीने ती काढा, पॉलिश पेपर फिरवा, आणि कापडाच्या चिंधीने आतून नळी पुसून घ्या. तांब्याचा कीस चुंबकाला चिकटणार नाही हे खरं, पण हॅक्सॉ ब्लेडचे लोखंडी कण नक्की चिकटतात आणि मग चुंबकाला दाढी उगवते. ती चिकटपट्टीने टिपून काढावी लागते.

माझा पहिला प्रयत्न याच कडेने फसवला होता. चुंबक झकास खाली आला, शेवटच्या बोटभर अंतरावर थांबला आणि हलेचना. मी पाच मिनिटं "पूर्ण थांबवणारा ब्रेक" सापडल्याच्या आनंदात होतो. मग नळीला टिचकी मारली, चुंबक खालच्या फरशीवर पडला आणि त्याचा एक कोपरा उडाला. तेव्हापासून खाली स्पंज ठेवल्याशिवाय मी काही सोडत नाही.

सोडा आणि मोजा

नळी उभी धरायला लाकडी खुर्चीच्या पाठीला सुतळीने बांधा. आसपास लोखंडी स्टूल, खिडकीचं गज, स्टीलचं टेबल नको. किमान दोन वीत अंतर ठेवा. ओळंबा धरून नळी खरंच उभी आहे का ते पाहा. तिरकी असेल तर चुंबक एका बाजूला घासत येतो.

पहिल्यांदा चुंबक सोडू नका. रिमोटचा बारीक सेल, ट्रिपल ए, सोडा. त्याचा व्यास साडेदहा मिलिमीटर असतो आणि वजन चुंबकाच्या जवळपास, त्यामुळे तुलनेला याहून चांगली वस्तू घरात सापडणार नाही. सेल टप्पकन खाली. आता चुंबक. सुटल्यापासून स्पंजवर पडेपर्यंतचा वेळ मोबाइलच्या स्टॉपवॉचवर घ्या. हाताने बटण दाबताना एक-दोन दशांश सेकंदांची चूक धरून चाला. दहा सेकंदांत ती खपून जाते. पाच वेळा करा, पाचही आकडे लिहा. एखादा आकडा फार वेगळा आला तर तो खोडू नका, चुंबक घासला का ते बघा.

पुढचा प्रश्न: तो खाली येताना वेग वाढवत येतो की एकाच वेगाने? आत तर दिसत नाही. इथे शाळेतलं स्वस्तातलं होकायंत्र कामी येतं. नळीच्या पूर्वेला किंवा पश्चिमेला, सुमारे १५ सेंटिमीटरवर, नळीच्या मध्यावर येईल अशा उंचीला पुस्तकांच्या चळतीवर ते ठेवा. चुंबक वरून जवळ येऊ लागला की सुई एका बाजूला झुकू लागते. तो बरोबर तिच्या उंचीला आला की सुई झरकन मधून पार होऊन दुसऱ्या बाजूला जाते. तो क्षण टिपा. मुक्त पतनात अर्धं अंतर कापायला एकूण वेळेच्या ७१ टक्के वेळ लागतो, कारण नंतर वेग वाढतो. तुमच्या नळीत ते ५०च्या आसपास येईल. म्हणजे वेग ठरलेला. खरं तर तो नळीत शिरल्यावर काही सहस्रांश सेकंदांतच ठरून जातो, आपल्याला कळायच्या आत.

होकायंत्राचा आणि या विषयाचा संबंध जुना आहे. फ्रान्समध्ये फ्रांस्वा आरागो याने १८२४च्या सुमारास पाहिलं की तांब्याच्या तबकडीवर ठेवलेल्या चुंबकसुईचं डोलणं लवकर थांबतं, आणि तबकडी फिरवली तर सुई तिच्यामागे ओढली जाते. कारण कुणाला सांगता येईना. ते उलगडलं मायकेल फॅरडेच्या १८३१मधल्या विद्युत चुंबकीय प्रवर्तनाच्या शोधानंतर.

आत काय चाललंय

नळीकडे नळी म्हणून बघू नका, तांब्याच्या बांगड्यांची उंच चळत म्हणून बघा. चुंबक खाली येतोय. त्याच्या खालच्या बांगडीतून जाणाऱ्या बलरेषा, म्हणजे चुंबकीय क्षेत्र दाखवणाऱ्या रेषा, वाढत आहेत, कारण चुंबक जवळ येतोय. वरच्या बांगडीतून जाणाऱ्या कमी होत आहेत, कारण तो दूर चाललाय. बलरेषा बदलल्या की बांगडीत वीजप्रवाह फिरू लागतो, हा फॅरडेचा नियम. आणि तो प्रवाह नेहमी बदलाला विरोध करेल अशाच दिशेने फिरतो, हा १८३४चा लेन्झचा नियम. म्हणून खालची बांगडी येणाऱ्या चुंबकाला वर ढकलते, वरची जाणाऱ्याला मागे ओढते. दोन्हींचा जोर वरच्या दिशेने.

धातूत असे गरगर फिरणारे प्रवाह म्हणजे एडी करंट. पाण्यातल्या भोवऱ्यांसारखे, म्हणून भोवरा-प्रवाह म्हणा हवं तर. त्यांना तार लागत नाही, बॅटरी लागत नाही. चुंबक हलला की ते उठतात, थांबला की विरतात. हे शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं आहे. चुंबक थांबला तर प्रवाह शून्य, मग ब्रेकही शून्य, मग तो पुन्हा पडू लागणार. त्यामुळे हा ब्रेक चुंबकाला कधीच पूर्ण थांबवू शकत नाही. जितका वेग तितका विरोध, आणि विरोध वजनाइतका झाला की तोच वेग कायम. जर्मनीच्या आयसीई-३ या वेगवान रेल्वेगाडीला रुळांवर चालणारा एडी करंट ब्रेक आहे, पण उभी गाडी जागेवर धरून ठेवायला तो निरुपयोगी. त्यासाठी घासणारे ब्रेक लागतातच. माझी पाच मिनिटांची फुशारकी का खोटी होती तेही यातच आलं.

पडताना जी ऊर्जा वेगात जायची ती इथे उष्णतेत जाते. नळी तापते का? हात लावून काही कळणार नाही. १० ग्रॅमचा चुंबक एक मीटर उतरला की ०.१ ज्यूल मिळतात. मीटरभर नळीत तांबं जवळपास ४०० ग्रॅम. हिशेब केला तर नळी एक अंशाने तापवायला चुंबक दीड हजार वेळा सोडावा लागेल, तोही मध्ये नळी थंड होऊ न देता. तुमच्या इंडक्शन शेगडीवरच्या भांड्यात मात्र हेच प्रवाह मुद्दाम जोरात उठवतात आणि त्यावर चहा उकळतो.

वजनकाट्याचा भाग

हा माझा सगळ्यात आवडता. एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा घ्या. त्यावर पसरट प्लास्टिकचा डबा पालथा घाला, वीतभर उंचीचा, म्हणजे चुंबक काट्यातल्या लोखंडी भागांपासून लांब राहील. डब्यावर पाण्याने भरलेली एक लिटरची बाटली ठेवा आणि अर्ध्या मीटरची नळी चिकटपट्टीने बाटलीला उभी बांधा. नळीचं खालचं तोंड डब्यापासून तीन-चार बोटं वर राहू द्या आणि त्याखाली स्पंज ठेवा. तोंड बंद ठेवू नका. हवा कोंडली तर चुंबक तिच्यामुळेही रेंगाळेल आणि घोळ होईल.

काटा शून्यावर आणा. आधी सेल सोडा. तो पडत असताना काटा शून्यच, स्पंजवर आदळला की उसळून ११-१२ ग्रॅम. सेल काढा, पुन्हा शून्य करा, आता चुंबक.

चुंबक अजून नळीत, हवेत, कशालाही न टेकता चाललाय, आणि काट्यावर १० ग्रॅम! तो खाली पोचला, स्पंजवर विसावला, तरी १०च. नळी चुंबकाला जेवढं वर ढकलते तेवढीच ती स्वतः खाली ढकलली जाते. न्यूटनचा तिसरा नियम मी शाळेत फळ्यावरून उतरवून घेतला होता. काट्यावर तो आकडा स्थिर उभा राहिलेला बघून तो मला पटला.

आणखी थोडे उद्योग

फ्रीझर: ३० सेंटिमीटरची नळी प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा. थंड तांब्याचा रोध कमी होतो, दर अंशाला सुमारे ०.४ टक्के. खोली ३० अंश आणि फ्रीझर उणे १८ धरला तर वेळ जवळपास एक पंचमांशाने वाढायला हवा. पिशवीतून काढली की लगेच सोडा, कारण आपल्या दमट हवेत दोन मिनिटांत नळीला घाम फुटतो आणि चुंबक चिकटत येतो.

चिरलेली नळी: एक जुना तुकडा उभा चिरून घ्या, पूर्ण लांबीभर. बांगड्या तुटल्या, आता प्रवाहाला गोल फिरता येत नाही. चुंबक बराच वेगाने येईल, पण मुक्तपणे पडणार नाही, कारण चिरेच्या कडेने वळसे घालून प्रवाह लहान-लहान भोवरे करतातच. ट्रान्सफॉर्मरचा गाभा सलग लोखंडाचा न करता पातळ पत्र्यांचा करतात, त्यांवर विजेला अडवणारा थर देऊन, तो या भोवऱ्यांना जागाच मिळू नये म्हणून.

चकत्यांची चळत: एक, दोन, तीन, चार असं वाढवत प्रत्येक वेळी वेळ मोजा. सुरुवातीला चुंबक हळू होत जाईल. मग एका टप्प्यानंतर उलट वेग वाढू लागेल. ब्रेक मुख्यतः टोकांजवळ लागतो, मधला भाग नुसतं वजन वाढवतो. तो टप्पा तुमच्या नळीत कुठे येतो ते आलेख काढून शोधा.

अडलंच तर तीन गोष्टी पाहा. चुंबक मध्येच थांबला तर कड, बाक किंवा पोचा. सरळ धपकन पडला तर नळी स्टेनलेसची आहे किंवा फट फार मोठी आहे. नळीला बाहेरून चिकटून बसला तर ती लोखंडाची, वर तांब्याचा मुलामा. भंगारात अशा फसव्या नळ्या मिळतात.

आणि त्याच भंगारात कधी भाडेकरूंसाठी लावलेला चकतीचा जुना सबमीटर दिसला तर उचला. मात्र काढून टाकलेलाच, लाइनला जोडलेल्या मीटरला हात लावायचा नाही. आत ॲल्युमिनियमची चकती असते आणि तिच्या कडेला घोड्याच्या नालासारखा चुंबक. वीज जितकी जास्त वापरली जाते तितका चकतीला फिरवणारा जोर जास्त, आणि वेग जितका जास्त तितका चुंबकाचा ब्रेक जास्त. दोन्हींचा मेळ बसतो तिथे चकतीचा वेग वापरलेल्या विजेच्या प्रमाणात राहतो. झाकण काढून चकतीला बोटाने झटका द्या, ती लगेच मंदावेल. मग स्क्रू सैल करून चुंबक बाजूला घ्या आणि पुन्हा तसाच झटका द्या.